दोन शहरांतील राहणीखर्चाची तुलना : अमरावती, अकोला आणि रिद्धपूर

एकाच वेतनात एका शहरातील कुटुंब सुखाने राहते आणि दुसऱ्या शहरात त्याची ओढाताण होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यावरून 'अमुक शहर तमुक शहरापेक्षा महाग' असे विधान सहज केले जाते. या विधानाचा नेमका अर्थ काय, ते मोजून कसे सिद्ध करावयाचे आणि मोजमापाची मर्यादा कोठे येते, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन वऱ्हाडातील तीन स्थळांच्या आधारे केले आहे. ही स्थळे म्हणजे अमरावती व अकोला ही दोन शहरे आणि मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करणारा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. तेव्हापासून दोन्ही शहरांतून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहिलेला नाही.

१. प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता देण्यासाठी शहरांचे तीन वर्ग केलेले आहेत. ५० लाख व त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे पहिल्या वर्गात, ५ लाख ते ५० लाख लोकसंख्येची दुसऱ्या वर्गात आणि उरलेली सर्व स्थळे तिसऱ्या वर्गात येतात. २०११ च्या जनगणनेवर आधारलेले वर्गीकरण १ एप्रिल २०१५ पासून अमलात आले. त्या जनगणनेत अमरावती महानगरपालिकेची लोकसंख्या ६,४७,०५७ आणि अकोला महानगरपालिकेची ४,२५,८१७ होती. त्यामुळे अमरावती दुसऱ्या वर्गात व अकोला तिसऱ्या वर्गात राहिले.

सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये झालेल्या निर्णयाने या तीन वर्गांसाठी मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के असे दर ठरले. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेल्यावर ते २७, १८ व ९ आणि ५० टक्क्यांवर गेल्यावर ३०, २० व १० व्हावेत, अशीही तरतूद त्यात होती. दर कोणतेही घेतले तरी अमरावतीचा भत्ता अकोल्याच्या दुप्पट राहतो. ४०,००० रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्यास मूळ दराने अमरावतीत ६,४०० रुपये आणि अकोल्यात ३,२०० रुपये मिळतात. एवढेच नव्हे, तर या वर्गीकरणात सव्वाचार लाख वस्तीचे अकोला आणि रिद्धपूरसारखे गाव ही दोन्ही एकाच पंक्तीत बसतात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही असेच घडते. २०१६-१७ पासूनच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेच्या मूळ निर्णयानुसार महसुली विभागाच्या शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाला ५१,००० रुपये व इतर जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यास ४३,००० रुपये ठरविण्यात आले. पहिल्या रकमेत भोजनासाठी २८,०००, निवासासाठी १५,००० व निर्वाहासाठी ८,००० रुपये धरले होते. दुसऱ्या रकमेत हेच आकडे २५,०००, १२,००० व ६,००० असे होते. म्हणजे एकूण ८,००० रुपयांच्या फरकापैकी ३,००० रुपये भोजनाचे, ३,००० निवासाचे व २,००० इतर निर्वाहाचे आहेत. विभागीय शहरात भाडे अधिक असेल हे पटण्यासारखे आहे. परंतु तेथे जेवणही त्याच रकमेने महाग असते, हे गृहीत धरण्यास कोणता आधार आहे?

या दोन्ही व्यवस्थांत एक साम्य आहे. स्थळास्थळांतील खर्चाचा फरक भरून काढणे हा दोहोंचा हेतू आहे, आणि दोहोंतही तो फरक प्रत्यक्ष मोजलेला नाही. लोकसंख्या किंवा प्रशासकीय दर्जा यांस खर्चाचे गमक मानले आहे. हे गमक सोयीचे असले तरी खरे आहे की नाही, याची परीक्षा मोजमापानेच होऊ शकते. २०१६ मध्ये अकोला महानगरपालिकेची हद्द वाढली व आसपासची गावे शहरात आली. नकाशावरील रेषा हलल्याने शहराची गणना बदलू शकते. त्या दिवशी गावातील घराचे भाडे किंवा डाळीचा भाव मात्र बदलत नाही.

२. काळातील तुलना आणि स्थळातील तुलना

स्थळातील खर्चाची तुलना करू पाहणारा अभ्यासक बहुधा प्रथम ग्राहक किंमत निर्देशांकाकडे वळतो, आणि येथेच सर्वांत मोठी चूक होते.

भारतातील राहणीखर्चाच्या निर्देशांकांचा जन्म वेतनाच्या वादांतून झाला. मुंबईच्या कामगार कार्यालयाने १९२१ मध्ये मुंबईतील कामगारांसाठी जुलै १९१४ हा पाया धरून निर्देशांक सुरू केला. पुढे १९४० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा प्रश्न न्यायमूर्ती बी. एन. राव यांच्या चौकशी न्यायालयापुढे आला. याच रेल्वेचा मार्ग अकोला व बडनेरा या स्थानकांवरून जात असे. विश्वसनीय निर्देशांकांवाचून असा भत्ता ठरविणे कठीण आहे, हे त्या चौकशीतून स्पष्ट झाले. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केंद्र सरकारने राहणीखर्च निर्देशांकांची योजना हाती घेतली. एस. आर. देशपांडे यांच्या संचालकत्वाखाली देशातील निवडक औद्योगिक केंद्रांत कामगार कुटुंबांच्या खर्चाच्या पाहण्या झाल्या. त्या केंद्रांत अकोल्याचा समावेश होता. कापसाचा व्यापार, सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आणि गिरण्या यांमुळे अकोल्यास औद्योगिक केंद्राचे स्थान प्राप्त झाले होते. केंद्रीय मालिकेची पुढे वारंवार पुनर्रचना झाली. २०१६ हा पाया धरलेल्या औद्योगिक कामगारांच्या मालिकेत ८८ केंद्रे आहेत. त्यांत नागपूर आहे. अमरावती व अकोला नाहीत.

तथापि ही दोन्ही शहरे त्या मालिकेत असती तरी प्रस्तुत प्रश्न सुटला नसता. प्रत्येक केंद्राचा निर्देशांक पायाभूत वर्षी १०० मानला जातो. तो त्या केंद्रातील खर्च त्याच केंद्राच्या पूर्वीच्या खर्चाशी ताडून पाहतो. दोन केंद्रांतील खर्चाच्या पातळ्यांविषयी काहीच सांगत नाही. एक काल्पनिक उदाहरण पाहावे. पायाभूत वर्षी एका शहरात ठराविक वस्तुसंचास १०,००० रुपये व दुसऱ्या शहरात ८,००० रुपये लागत होते. आज पहिल्या शहरात १४,००० व दुसऱ्यात १२,००० रुपये लागतात. पहिल्याचा निर्देशांक १४० व दुसऱ्याचा १५० येईल. आकडे पाहणारा दुसरे शहर महाग ठरवील. वस्तुतः ते आजही २,००० रुपयांनी स्वस्तच आहे. तेथील वाढ मात्र अधिक वेगाने झाली आहे. शिवाय प्रत्येक केंद्राचा वस्तुसंच व भारांक त्या त्या केंद्राच्या पाहणीवरून ठरतात, त्यामुळे दोन निर्देशांकांमागील वस्तूही एक नसतात.

महागाई भत्ता हा काळातील वाढ भरून काढण्यासाठी आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तो अखिल भारतीय निर्देशांकावरून ठरतो आणि म्हणून अमरावती, अकोला व मुंबई येथे सारख्याच दराने मिळतो. घरभाडे भत्ता हा स्थळातील फरक भरून काढण्यासाठी आहे. पहिल्याचे मोजमाप दरमहा होते. दुसऱ्याचे कधीच होत नाही, हा या व्यवस्थेतील मोठा विरोधाभास होय.

३. परदेशांतील प्रयत्न

स्थळातील तुलनेचे प्रयत्न बरेच जुने आहेत. ब्रिटिश व्यापार मंडळाने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशातील व युरोपातील शहरांतील कामगारांचे भाडे, अन्नाचे भाव व वेतन यांची पाहणी केली आणि १९११ मध्ये अमेरिकेतील शहरांविषयीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

त्याहून अधिक उद्बोधक उदाहरण १९२९ मधील आहे. फोर्ड कंपनीस युरोपातील आपल्या कामगारांना डेट्रॉइटच्या कामगाराइतके राहणीमान लाभेल असे वेतन द्यावयाचे होते, आणि त्यासाठी प्रत्येक शहरात किती रक्कम लागेल हे जाणून घ्यावयाचे होते. हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाकडे गेला. डेट्रॉइटमधील फोर्डच्या शंभर कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली आणि तो वस्तुसंच युरोपातील १४ शहरांत किती किमतीस पडतो, हे काढण्याचा प्रयत्न झाला. लवकरच असे दिसून आले की डेट्रॉइटचा वस्तुसंच जसाच्या तसा उचलून दुसऱ्या शहरात ठेवता येत नाही. तेथील माणूस निराळा पाव खातो, निराळ्या घरात राहतो, निराळ्या हवामानात निराळे इंधन जाळतो. म्हणून 'तीच वस्तू' याऐवजी 'तीच गरज भागविणारी वस्तू' घ्यावी लागली, आणि गरजांची बरोबरी ठरविताना तज्ज्ञांचा विवेक गणितात शिरला.

अमेरिकेत १९४८ च्या सुमारास तेथील कामगार सांख्यिकी विभागाने चार माणसांच्या शहरी कामगार कुटुंबाचे अंदाजपत्रक ३४ शहरांसाठी प्रसिद्ध केले. जून १९४७ च्या किमतींनुसार ते न्यू ऑर्लिन्समध्ये ३,००४ डॉलर व वॉशिंग्टनमध्ये ३,४५८ डॉलर इतके आले. सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग शहर यांत सुमारे १५ टक्क्यांचा फरक होता. सर्वसामान्य समजुतीच्या मानाने हे अंतर बरेच कमी आहे. एका राष्ट्रात, एका चलनात आणि एका बाजारपेठेत वाहतूक सुलभ असता बहुतेक वस्तूंच्या किमती परस्परांजवळ येतात. फरक उरतो तो मुख्यतः जमीन, घर व स्थानिक सेवा यांत. हे तत्त्व वऱ्हाडातही तपासून पाहता येते.

४. कोणता खर्च वेगळा, कोणता सारखा

अमरावती व अकोला यांची तुलना करताना खर्चाच्या बाबी तीन गटांत विभागणे उपयुक्त ठरते.

पहिला गट शासन किंवा नियामक संस्था यांनी ठरविलेल्या दरांचा. महावितरणचे विजेचे दर, राज्य परिवहनाच्या बसचे टप्प्यांनुसार भाडे, रेल्वेचे भाडे, शिधावाटप दुकानातील धान्य आणि वेष्टनावर कमाल किंमत छापलेल्या वस्तू यांचा दर दोन्ही शहरांत तत्त्वतः एकच आहे. येथे किमतीत फरक नाही. फरक असलाच तर तो लागणाऱ्या परिमाणात असतो. वैशाख-ज्येष्ठात वऱ्हाडातील उन्हामुळे कूलर दिवसरात्र चालतो. दोन शहरांच्या तापमानात भेद असेल तर सारख्याच दराने विजेचे देयक निराळे येईल. हा भेद किमतीचा मानावा की गरजेचा, हाच प्रश्न फोर्डच्या चौकशीत इंधनाविषयी उपस्थित झाला होता.

दुसरा गट व्यापारी मालाचा. धान्य, डाळ, तेल, कापड, भांडी यांच्या किमतींतील अंतर दोन बाजारपेठांमधील वाहतुकीच्या खर्चाहून फार काळ अधिक राहू शकत नाही. ते अधिक झाले तर व्यापारी स्वस्त ठिकाणचा माल महाग ठिकाणी नेतो. अमरावती व अकोला यांमधील अंतर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर आहे, म्हणून हा फरक अल्प असणे अपेक्षित आहे. तरीही तो शून्य नसतो. अकोला हे डाळ गिरण्यांचे मोठे केंद्र असून मुंबई-हावडा या मुख्य लोहमार्गावर आहे. अमरावती शहर बडनेऱ्याहून निघालेल्या शाखामार्गावर आहे. उलट मोर्शी-वरूड हा संत्र्यांचा पट्टा अमरावती जिल्ह्यात असल्याने बहराच्या दिवसांत तेथील फळबाजाराचा कल निराळा दिसतो. भाजीपाला नाशवंत असल्याने त्याच्या किमती स्थळानुसार व ऋतूनुसार अधिक हलतात.

तिसरा गट हलविता न येणाऱ्या गोष्टींचा : घर, पाणी, घरकाम, केशकर्तन, खाणावळ, शिकवणी, रिक्षा, वैद्यकीय सेवा. अमरावतीत जे घर आहे ते अकोल्यात नेता येत नाही, म्हणून त्याच्या भाड्यातील फरक व्यापाराने मिटत नाही. अमरावती हे विभागीय मुख्यालय आहे आणि १९८३ पासून तेथे विद्यापीठ आहे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची व नोकरदारांची मागणी कोणत्या भागात एकवटते, यावर खोलीचे भाडे अवलंबून असते. म्हणून एकाच शहरातील दोन वस्त्यांतील अंतर कित्येकदा दोन शहरांच्या सरासरींतील अंतराहून मोठे असू शकते.

या गटातील पाण्याचा विचार वऱ्हाडात विशेष महत्त्वाचा आहे. अमरावतीस मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा प्रकल्पाचे पाणी मिळते; अकोल्याची भिस्त मुख्यतः काटेपूर्णा प्रकल्पावर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी पिण्यास अयोग्य असते, त्यामुळे नळाचे पाणी नसेल तेव्हा विहिरीचा पर्याय उरत नाही. नळपट्टीचा आकडा लहान असतो. परंतु टंचाईच्या वर्षी नळास पाणी येण्याचे दिवसांतर वाढले की टँकर, पाण्याचे डबे, साठवणीची टाकी आणि भरण्यात जाणारा वेळ हे सर्व पाण्याच्या खऱ्या किमतीत मोडतात. केवळ नळपट्टी मोजणाऱ्या पाहणीत हा खर्च अदृश्य राहतो.

५. वस्तुसंचाचा पेच

किमती बिनचूक मिळाल्या तरी त्यांना कोणते भारांक द्यावयाचे, हा प्रश्न उरतो. प्रत्येक शहरातील माणसे आपल्या शहरात स्वस्त असलेली वस्तू अधिक वापरतात. याचा परिणाम दाखविण्यासाठी पुढील कोष्टक दिले आहे. त्यातील आकडे पूर्णतः काल्पनिक असून ते अमरावती किंवा अकोला यांचे नाहीत. म्हणून शहरांस 'क' व 'ख' अशी नावे दिली आहेत. परिमाणे एका कुटुंबाची, एका महिन्याची आहेत.

| बाब | 'क' मधील दर (रु.) | 'ख' मधील दर (रु.) | 'क' कुटुंबाचे परिमाण | 'ख' कुटुंबाचे परिमाण |
|---|---|---|---|---|
| ज्वारी व गहू (किलो) | ४० | ३६ | ३० | ३५ |
| तूरडाळ (किलो) | १६० | १४० | ४ | ६ |
| भाजीपाला (किलो) | ४० | ५५ | ३० | २० |
| घर (खोल्या) | ३,००० | २,६०० | १ | २ |
| पाण्याचे डबे | १० | २० | २० | १० |

'क' मधील कुटुंबाच्या वस्तुसंचास स्वतःच्या शहरात ६,२४० रुपये लागतात. तोच वस्तुसंच 'ख' मध्ये घेतल्यास ६,२९० रुपये पडतात. गुणोत्तर १००.८ येते, म्हणजे या कुटुंबाच्या दृष्टीने 'ख' किंचित महाग आहे. आता 'ख' मधील कुटुंबाचा वस्तुसंच घ्यावा. त्यास 'ख' मध्ये ८,६०० रुपये लागतात, तर 'क' मध्ये ९,२६० रुपये. गुणोत्तर ९२.९ येते, म्हणजे या कुटुंबाच्या दृष्टीने 'ख' सात टक्क्यांनी स्वस्त आहे. किमती त्याच, शहरे तीच, आणि निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध.

यांत गणिताची चूक कोठेही नाही. पहिल्या रीतीस लास्पेयर यांची व दुसरीस पाशे यांची रीत म्हणतात. दोन्ही रीती आपापल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देतात. प्रश्नच दोन आहेत. आयर्व्हिंग फिशर यांनी दोहोंचा गुणोत्तर मध्य घेण्याचा मार्ग पुरस्कारिला. वरील उदाहरणात तो ९६.८ येतो. सर्वसाधारण प्रयोजनासाठी हा आकडा समाधानकारक आहे, परंतु तो कोणत्याही एका प्रत्यक्ष कुटुंबाचा खर्च नव्हे, याचे भान सुटता कामा नये.

रशियन अर्थशास्त्रज्ञ कोन्यूस यांनी १९२४ मध्ये या प्रश्नाचा तात्त्विक गाभा उलगडून दाखविला. राहणीखर्चाची खरी तुलना म्हणजे दोन्ही ठिकाणी सारखेच समाधान मिळविण्यास लागणाऱ्या किमान खर्चांची तुलना होय. ठराविक वस्तुसंचाची तुलना ही तिची एक मर्यादा तेवढी दाखविते. आपल्या शहराचा वस्तुसंच जसाच्या तसा दुसरीकडे विकत घेणारा माणूस तेथील स्वस्ताईचा लाभ घेत नाही. तो काही दिवसांनी भाजी कमी करून डाळ वाढवितो, एका खोलीऐवजी दोन खोल्या घेतो आणि त्याच पैशांत अधिक समाधान मिळवितो. म्हणून स्थलांतर करणाऱ्याच्या जुन्या वस्तुसंचावरून काढलेला अंदाज नव्या शहराची महागाई फुगवून दाखवितो, आणि नव्या शहरातील रहिवाशांच्या वस्तुसंचावरून काढलेला अंदाज ती कमी दाखवितो. भत्ता मागणारा स्वभावतः पहिली रीत निवडील व भत्ता देणारा दुसरी. हे ओळखणे हा निर्देशांकाच्या वाचनाचा पहिला धडा आहे.

६. भाड्याचे मोजमाप

सर्व बाबींत भाडे हे मोजण्यास सर्वांत अवघड आहे. दोन किलो डाळींची तुलना करता येते; दोन घरे कधीच सारखी नसतात. अमरावतीतील सरासरी भाडे अकोल्याहून अधिक आढळले तरी ते घरे मोठी, नवी किंवा पाण्याची सोय असलेली आहेत म्हणूनही असेल. म्हणून क्षेत्रफळ, खोल्या, बांधणीचा काळ, नळ, मजला, मुख्य रस्त्यापासूनचे अंतर अशी वैशिष्ट्ये नोंदवून त्यांचा भाड्यावरील परिणाम समाश्रयणाने वेगळा काढावा लागतो. उरलेला फरक तेवढाच शहराचा मानता येतो.

याशिवाय जुन्या व नव्या भाडेकरूंचा भेद आहे. विदर्भात पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरे भाड्याने देण्याविषयीचा नियंत्रण आदेश लागू होता. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ राज्यभर लागू झाला. नियंत्रणाखालील जुने भाडे आणि नव्याने येणाऱ्यास द्यावे लागणारे भाडे व अनामत रक्कम यांत मोठी तफावत असते. सध्याच्या रहिवाशांचा सरासरी खर्च आणि येणाऱ्या माणसाचा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. बदली होऊन येणारा अध्यापक वा विद्यार्थी यांच्यासाठी दुसराच आकडा कामाचा असतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे भाडे कोणते धरावे, हा आणखी एक प्रश्न. तो घर भाड्याने देता तर जे मिळाले असते ते धरण्याची रीत आहे. परंतु जेथे भाड्याचा बाजार पुरेसा आहे तेथेच ती चालते.

७. रिद्धपूर : गावाशी तुलना

येथून रिद्धपूरचा विचार सुरू होतो. गोविंदप्रभूंचे वास्तव्यस्थान आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलेले स्थळ म्हणून हे गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास तेराव्या शतकापासून परिचित आहे. राहणीखर्चाच्या अभ्यासकास ते वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटावे. दोन शहरांची तुलना करणारी साधने गावापाशी आल्यावर अपुरी पडतात.

पहिली अडचण अशी की शहराच्या वस्तुसंचातील कित्येक गोष्टी गावात विकतच मिळत नाहीत. जी वस्तू मिळत नाही तिची किंमत शून्य मानता येत नाही, आणि ती वगळली तर गाव खोटे स्वस्त दिसते. संदर्भग्रंथ, तज्ज्ञ वैद्य, विशिष्ट औषध किंवा संगणकाची दुरुस्ती यांसाठी मोर्शी किंवा अमरावती गाठावी लागत असेल, तर त्या वस्तूची रिद्धपुरातील किंमत म्हणजे अमरावतीतील किंमत, अधिक बसभाडे, अधिक गेलेला वेळ. महिन्यातून किती फेऱ्या होतात, यावर गावातील राहणीचा खरा खर्च ठरतो.

दुसरी अडचण भाड्याची. लहान गावात बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात आणि भाड्याचे व्यवहार मोजके असतात. नवी संस्था सुरू झाल्यावर बाहेरून येणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढते व घरांचा पुरवठा मागे पडतो. अशा काळात भाड्याचे आकडे वर्षभरातही स्थिर राहत नाहीत. म्हणून एकदा केलेल्या पाहणीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

तिसरी अडचण घरच्या उत्पन्नाची. शेतातील ज्वारी, तूर, घरचे दूध, वावरातील भाजी, इंधनासाठी तुऱ्हाट्या व पऱ्हाट्या यांस रोख पैसा पडत नाही. गावातील शेतकरी कुटुंबाचा रोख खर्च कमी असतो. त्यावरून तेथे राहणे स्वस्त आहे असे बाहेरून आलेल्या अध्यापकास सांगणे म्हणजे त्याच्यापाशी वावर आहे असे गृहीत धरणे होय. ग्रामीण मजुरांसाठीचे निर्देशांक आहेत. परंतु ते राज्याच्या पातळीवर प्रसिद्ध होतात, आणि तेही काळातील बदल मोजणारे आहेत.

लीळाचरित्रात दाम व आसू या नाण्यांचे उल्लेख येतात. त्या नाण्यांची आजच्या रुपयांत किंमत काढण्याचा मोह अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. येथेही तीच अडचण आहे : त्या काळचा माणूस कोणता वस्तुसंच वापरीत होता हे जोवर ठाऊक नाही, तोवर नाण्याचे वजन व धातूचा भाव यांवरून राहणीखर्चाची तुलना होऊ शकत नाही. सातशे वर्षांचे अंतर आणि शंभर किलोमीटरांचे अंतर यांत प्रमाणाचा भेद आहे; प्रश्नाची जात एकच आहे.

८. पाहणीची दिशा

या विवेचनावरून तिन्ही स्थळांच्या तुलनेसाठी करावयाच्या पाहणीची काही पथ्ये निश्चित होतात. किमती एकाच आठवड्यात गोळा व्हाव्यात आणि वर्षातून निदान तीनदा, म्हणजे उन्हाळा, पावसाळा व सुगी या ऋतूंत, त्यांची पुनरावृत्ती व्हावी. वस्तूचे वर्णन नेमके असावे. 'तूरडाळ' एवढे लिहून भागणार नाही. प्रत, सुटी की पाकीटबंद, किती परिमाणाची खरेदी, हे नोंदवावे लागेल. नियंत्रित दरांच्या बाबी एकदाच तपासून श्रम वाचवावेत व ते भाडे, पाणी, खाणावळ आणि स्थानिक सेवा यांवर खर्च करावेत, कारण खरा फरक तेथेच आहे. भाड्यासाठी जुने व नवे भाडेकरू वेगळे ठेवावेत. गावासाठी प्रवासाच्या फेऱ्यांची रोजनिशी ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकच सरासरी आकडा न काढता निदान तीन प्रकारच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र आकडे काढावेत : एकटा राहणारा विद्यार्थी, भाड्याच्या घरात राहणारे नोकरदार कुटुंब आणि स्वतःच्या घरात राहणारे मजूर कुटुंब. विद्यार्थ्याच्या खर्चात खोली व खाणावळ यांचा वाटा मोठा असल्याने त्यास अमरावती व अकोला यांतील फरक अधिक जाणवेल. मजुराच्या खर्चात धान्य, डाळ व तेल यांचा वाटा मोठा. या वस्तूंच्या किमती व्यापाराने जवळ आलेल्या असल्याने त्याच्यासाठी दोन शहरांतील अंतर कमी भरेल. हे अनुमान आहे, आणि त्याची परीक्षा पाहणीतच व्हावयास हवी. प्रत्येक तुलनेत दोन्ही वस्तुसंचांवरून काढलेली दोन्ही गुणोत्तरे प्रसिद्ध करावीत, म्हणजे वाचकास निष्कर्षाची रुंदी दिसेल.

अशा पाहणीतून अमरावतीचे भाडे अकोल्याच्या दुप्पट आहे असे सिद्ध झाल्यास लोकसंख्येचे गमक या बाबतीत तरी योग्य ठरेल. फरक दहा-वीस टक्क्यांचाच निघाला, तर भत्त्यातील दुपटीचा आधार डळमळीत होईल. रिद्धपुरात प्रवास व दुर्मीळ भाडे धरता खर्च शहराच्या जवळपास आला, तर 'लहान गाव म्हणजे स्वस्त गाव' या समजुतीस वेगळे रूप द्यावे लागेल. विद्यार्थ्याचे निर्वाहधन, अध्यापकाचे वेतन आणि मजुराची रोजी या तीन गोष्टी अशा समजुतींवर ठरतात. शहर महाग आहे की स्वस्त, याचे उत्तर देण्यापूर्वी ते कोणासाठी, कोणत्या वस्तुसंचाने व कोणत्या ऋतूत, हे विचारल्यावाचून उत्तरास अर्थ प्राप्त होत नाही.